बायकोची सर्दी आणि ब्विंडीचे गोरिला

अंबाजोगाईत माझं मेडिकल आहे, सव्वीस वर्षं झाली. आमचं घर सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांवरच उभं राहिलंय म्हणा ना. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

मे २०२४ मध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं होणार होती. फेब्रुवारीत मी बायकोला विचारलं, काय करायचं? मला वाटलं पाटल्या म्हणेल. ती म्हणाली, "गोरिला बघायचा." दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती गल्ल्यावर बसून मोबाइलवर प्राण्यांचे व्हिडिओ बघते, हे मला माहीत होतं. प्रकरण इतकं पुढं गेलंय हे माहीत नव्हतं.

मेहुणा म्हणाला, "दाजी, म्हैसूरच्या झूमध्ये आहेत की. दोन दिवसांत जाऊन याल." खरं आहे, २०२१ साली तिथं जर्मनीहून दोन गोरिला आले. पण ते सखल जंगलातले. हिला हवा होता डोंगरावरचा, दाट केसांचा माउंटन गोरिला. तो जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात नाही. आहेत ते दोनच ठिकाणी: रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरचे विरुंगाचे ज्वालामुखी डोंगर, आणि युगांडातलं ब्विंडीचं जंगल. २०१८ च्या गणनेनंतरचा एकूण आकडा १,०६३. आमच्या गावातल्या एका कॉलेजात याहून जास्त पोरं असतील.

माय म्हणाली, "माणसं काशीला जातात, तुम्ही माकडं बघायला चाललात." तिला तर आम्ही खर्च सांगितलाच नव्हता.

तर सुरुवात पासपोर्टपासून. आमच्या दोघांकडंही नव्हता, आणि त्यावाचून पुढचं काहीच हलत नाही, कारण गोरिलाचं परमिट पासपोर्ट क्रमांक देऊनच निघतं. ऑनलाइन अर्ज, माणशी १,५०० रुपये, पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची ८ एप्रिलची वेळ. माझं काम वीस मिनिटांत झालं. हिचं अडकलं. दहावीच्या सनदेवर इंग्रजी नावात एक अक्षर कमी, आधारवर एक जास्त. खिडकीमागच्या मुलानं फाइल परत केली. तो वाईट वागला नाही, पण आम्ही पहाटे पाचला निघालो होतो. परत येताना ही गाडीत एक शब्द बोलली नाही. मग आधार दुरुस्ती, ५० रुपये आणि बारा दिवस. मग २ मेची दुसरी वेळ. तेव्हा लोकसभेच्या निवडणुकीचा बंदोबस्त चालू होता, त्यामुळं पोलिस पडताळणी जूनवर गेली. पासपोर्ट हातात पडला २६ जूनला. लग्नाचा वाढदिवस कधीच होऊन गेला होता. तुम्ही जाणार असाल तर आधी घरातली सगळी कागदं एका टेबलावर मांडा आणि इंग्रजी नावाचं एकेक अक्षर लावून बघा. आमचे अडीच महिने एका अक्षरात गेले.

आता परमिट. रवांडात एका माणसाचं परमिट १,५०० डॉलर, युगांडात जुलै २०२४ पासून ८००. म्हणून युगांडा. या पैशात मिळतो एक तास. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसांना, एक तास भेटता येतं. १५ वर्षांखालच्यांना नेत नाहीत. परमिट तिथलं वन्यजीव खातं देतं, पण आपण सहसा तिथल्या नोंदणीकृत टूरवाल्यामार्फत घेतो. मी तिघांना ईमेल केले. एकानं उत्तरच दिलं नाही, एकानं सगळे पैसे आधी मागितले. तिसऱ्यानं आधी तारखा दाखवल्या, मग परमिटपुरतेच पैसे मागितले. त्याला धरलं.

पैसे पाठवणं हा वेगळाच अध्याय. आमच्या शाखेत परदेशी पैसे जात नाहीत, जिल्ह्याच्या शाखेत जा. तिथं परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, पॅन, पासपोर्टची प्रत, टूरवाल्याचं बिल. बिलावर शिक्का नाही म्हणून परत. शिक्क्याचं आणलं तर ज्यांची सही लागते ते रजेवर. चार हेलपाटे झाले. आणि एवढं करून तिकडं पोचले ते २५ डॉलर कमी, मधल्या बँकेनं कापले. फॉर्मवर सगळा खर्च पाठवणाऱ्यानं सोसायचा असा पर्याय असतो, त्याला इंग्रजीत 'अवर' म्हणतात. तिथं खूण करा, मी केली नव्हती. ११ सप्टेंबरला दोन्ही परमिटं ईमेलनं आली. तारीख १५ जानेवारी २०२५, ब्विंडीचा दक्षिणेकडचा रुशागा विभाग. मला कोरडे दिवस हवे होते, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर तिथं पाऊस फार. शिवाय तारीख संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची, हे हिला आवडलं.

सप्टेंबर संपता संपता शेजारच्या रवांडात मारबर्ग या इबोलासारख्या जीवघेण्या विषाणूची साथ जाहीर झाली. मग काय, घरात रोज परिषद. मी औषधवाला असल्यानं माझ्यावर जबाबदारी जास्त. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आकडे बघायचो. २० डिसेंबरला साथ संपल्याचं जाहीर झालं, पण मधले अडीच महिने मी विमानाची तिकिटं काढली नाहीत. त्यात माणशी चार-पाच हजार जास्त गेले. ते मला महाग वाटले नाहीत.

यलो फीव्हरची लस मात्र ऑक्टोबरमध्येच घेतली. युगांडात शिरायला ती सक्तीची आहे आणि परतताना आपल्या विमानतळावरही कार्ड बघतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आम्हाला वेळ मिळाली मुंबईच्या सरकारी केंद्रात. रात्रीच्या बसनं गेलो. लस ३०० रुपयांची, जाण्या-येण्याचा खर्च दहापट. लोक विचारतात, रोज का देत नाहीत, ठरावीक दिवशीच का बोलावतात? एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, पावडर विरघळवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून बोलावतात. अंड्याची ॲलर्जी, साठीच्या पुढचं वय, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. पिवळं कार्ड हिनं देवाच्या फोटोमागं ठेवलं.

व्हिसा सगळ्यात सोपा निघाला. ऑनलाइन अर्ज, माणशी ५० डॉलर आणि वर थोडा कार्डाचा आकार, चार दिवसांत ईमेल. पण अर्जाला लसीचं कार्ड जोडावं लागतं, म्हणजे क्रम ठरलेला: पासपोर्ट, लस, व्हिसा. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिल्या. परत आल्यावरही चार आठवडे घ्यायच्या असतात. लोक घरी आले की सोडतात, तुम्ही सोडू नका.

मुंबईहून युगांडातल्या एंटेबेला थेट विमान आहे. ११ जानेवारीला निघालो. तिथून ब्विंडी गाडीनं नऊ-दहा तास, आम्ही ते दोन दिवसांत केलं. वाटेत विषुववृत्त लागतं, तिथं सगळे उतरून फोटो काढतात, आम्हीही काढले. कबालेच्या पुढं डोंगर सुरू झाले आणि ही खिडकीला नाक लावून बसली. शेंड्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची शेतं, घेवडा, बटाटा, केळी. इतकं हिरवं की आमच्यासारख्या टँकरच्या मुलखातल्या माणसाला जरा राग येतो. रस्त्यावर चपाती मिळते, तिला चपातीच म्हणतात, आत अंडं घालून गुंडाळून देतात. शेंगदाण्याचा रस्साही खातात. आमची शेंगदाण्याची चटणी डब्यातच राहिली.

१३ ला संध्याकाळी पोचलो. चांगली थंडी होती. १४ ला, संक्रांतीच्या सकाळी, बायकोला पहिली शिंक आली.

मी म्हणालो, धूळ आहे. दोन दिवस लाल मातीचा रस्ता होताच. दुपारपर्यंत नाक वाहायला लागलं. संध्याकाळी घसा. ती काही बोलेना, मीही बोललो नाही. दोघांनाही नियम तोंडपाठ होता: सर्दी, खोकला, ताप, जुलाब, काहीही असेल तर जंगलात जायचं नाही.

हा नियम उगीच नाही. गोरिला आणि आपण जनुकांनी ९८ टक्के सारखे. आपले श्वासाचे आजार त्यांना होतात, पण ते विषाणू त्यांना नवे असतात. २००९ साली रवांडात एका कुटुंबात माणसाकडचा श्वसनविषाणू शिरला, त्यात एक मादी आणि एक पिल्लू दगावलं. हे मी घरूनच वाचून गेलो होतो.

आणि तरीही त्या रात्री मी औषधांची पिशवी उघडली. कोणती गोळी दिली तर सकाळी सातपासून दुपारपर्यंत नाक कोरडं राहील, हे मला झोपेतही सांगता येतं. तापमान तपासतील, पण ताप नव्हताच. तोंडाला मास्क असणार. कोणाला कळलं असतं? मी दोन गोळ्या हातावर घेऊन तिच्यासमोर धरल्या. आज लिहितानाही लाज वाटते, पण सांगायचं तर सगळंच सांगावं.

तिनं गोळ्यांकडं पाहिलं. "अहो, बावीस वर्षं गल्ल्यावर बसले मी. तुमची गोळी नाक बंद करते, सर्दी नाही."

मग तिनं नाक पुसलं आणि डब्यातला तिळगूळ काढून मला दिला. गोड बोला म्हणाली नाही.

त्याच रात्री ड्रायव्हरला सांगितलं, त्यानं टूरवाल्याला, त्यानं उद्यानाच्या माणसांना. तिच्या परमिटच्या पैशांसाठी अर्ज करता येतो म्हणाले, पण पूर्ण परत मिळतील असं कोणीच म्हणालं नाही. मी थांबतो म्हणालो. तर म्हणाली, "दोघांचेही घालवता का? जा, आणि नीट बघून या. आल्यावर मला सगळं सांगा."

आमची एक चूक इथं झाली, ती तुम्ही करू नका. आम्ही मुक्कामात परमिटच्या आधी एकच रिकामा दिवस ठेवला होता. प्रवासातली सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमलते. विमानात, विमानतळावर मास्क लावा. आम्ही तो गोरिलासमोर लावायचा म्हणून जपून ठेवला होता.

१५ ला सकाळी साडेसातला रुशागाच्या केंद्रावर आठऐवजी आम्ही सात जण. पासपोर्ट तपासले, तापमान घेतलं, नियम सांगितले: १० मीटर अंतर, मास्क, फ्लॅश नाही, जवळ खाणं नाही, खोकला आला तर पाठ फिरवून कोपरात. सामान धरायला गावातला हमाल मिळतो, २० डॉलर. तब्येत धट्टीकट्टी असली तरी घ्या. माझ्या हमालानं मला दोनदा हात दिला, आणि तो पैसा थेट गावात जातो. सोबत बंदूकवाले रक्षक असतात, ते गोरिलांसाठी नव्हे, रानहत्ती समोर आले तर हवेत बार काढायला. खोजी पहाटेच पुढं गेलेले असतात. गोरिला रोज संध्याकाळी फांद्या-पाला वाकवून नवं अंथरूण करतात, कालच्या अंथरुणापासून आजचा माग काढायचा.

पहिला अर्धा तास शेतातून वाट होती. जंगल इथं बांधाला लागून सुरू होतं, मधे काही नाही. मी गाइडला विचारलं, गोरिला शेतात येत नाहीत का? येतात म्हणाला, केळीचे खुंट सोलून आतला गाभा खातात. त्यांना न मारता जंगलात परत हाकायला गावकऱ्यांची स्वयंसेवक पथकं आहेत. पलीकडच्या न्कुरिंगो भागात जंगलाच्या कडेनं चहा लावलाय, कारण चहाला गोरिला तोंड लावत नाहीत. मी त्याला आमची रानडुकरं आणि रोही सांगितले. एका रात्रीत ज्वारीचं काय होतं ते हातवारे करून दाखवलं. त्याला लगेच समजलं.

मग त्यानं जी गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून अजून गेली नाही. १९९६ साली ब्विंडीतल्या एका कुटुंबातल्या गोरिलांचे केस झडायला लागले, कातडी पांढरी पडली. खरूज. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका ही वन्यजीव खात्याची तरुण पशुवैद्य तिथं गेली. औषधानं बाकीचे वाचले, एक पिल्लू गेलं. आणि खरूज आली कुठून? शेतातल्या बुजगावण्यांवरून, असा निष्कर्ष निघाला. माणसांचे जुने, न धुतलेले कपडे घातलेली बुजगावणी, गोरिलांनी ती हाताळली. नुसतं गोरिलाला औषध देऊन भागणार नाही, बांधावरच्या माणसाची खरूज, क्षय, जुलाब आधी बरे केले पाहिजेत, असं तिचं म्हणणं. २००३ साली तिनं त्यासाठी संस्थाच काढली.

आमच्या गावाकडच्या शेतात भावानं जे बुजगावणं केलंय त्याच्या अंगात माझा जुना चट्ट्यापट्ट्याचा शर्ट आहे. दुकानात रोज खोकणाऱ्या शंभर माणसांसमोर घातलेला. कोणत्या पाखराला काय झालं असेल, कोण जाणे.

गाइडनं आणखी एक सांगितलं. १९९१ साली ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा या जंगलात राहणाऱ्या बट्वा लोकांना बाहेर काढलं, जमिनीचा मोबदला न देता. आज प्रत्येक परमिटमधले १० डॉलर आणि प्रवेश फीचा २० टक्के वाटा आसपासच्या गावांना जातो. यातलं बट्वांच्या हातात किती पडतं, असं विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प चालला. धरणग्रस्त पाहिलेल्या माणसाला त्या गप्प बसण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जंगलात शिरलो आणि वाट संपली. पुढचा माणूस कोयत्यानं वेली तोडतो, मागचे पाय ठेवतात, पायाखाली जमीन नाही, दबलेला पाला. अंगाची आग करणारी आग्या नावाची झुडपं बोचतात, हातमोजे घ्या, बागेत वापरतात तसले चालतात. पँट मोज्यात खोचा, मुंग्या चढतात. अडीच तासांनी गाइडनं हात वर केला. काठ्या, पिशव्या खाली ठेवल्या, मास्क लावले.

आधी आवाज आला. बैल कडबा खातो तसा, कडकड, मचमच. मग गाइडनं घशातून एक आवाज काढला, आपण घसा खाकरतो अगदी तसा, दोनदा. पाल्याआडून तसंच उत्तर आलं. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. खाकरणं म्हणजे रामराम! मी मास्कच्या आत हसलो आणि लगेच हिची आठवण झाली.

पाठीवर रुपेरी पट्टा असलेला नर उताराला पाठ टेकून बसला होता. हा पट्टा बाराव्या वर्षाच्या आसपास येतो. वजन दीडशे किलोच्या वर सहज असेल. एवढा देह आणि खाणं म्हणजे पाला, देठ, साली, थोडी फळं. पोट नगाऱ्यासारखं, कारण एवढा चारा पचवायचा तर आतडंही तेवढंच लागतं. तो रानटी देठ दातांनी सोलत होता, साल बाजूला, गाभा तोंडात. आपण ऊस सोलतो त्याहून सफाईनं. एकदाच त्यानं आमच्याकडं पाहिलं. रागानं नाही, कुतूहलानंही नाही. गिऱ्हाईक चिठ्ठी नसताना आत आलं की मी बघतो, तसं.

मी नऊ मोजले. एका मादीच्या पाठीवर पिल्लू, ढुंगणावर पांढऱ्या केसांचा झुपका. गाइड कुजबुजला, तो झुपका आहे तोवर कोणी त्याला मारत नाही, लेकरू म्हणून सगळं माफ. मादीला साधारण चार वर्षांत एक पिल्लू होतं, गर्भ साडेआठ महिने. म्हणून एकेक पिल्लू जाणं महागात पडतं, आणि म्हणून १९८०च्या सुमारास विरुंगात जेमतेम अडीचशे उरलेले वाढायला चाळीस वर्षं लागली. हरणांसाठी लावलेले फास त्यांच्या हातापायात अडकतात, ते अजूनही थांबलेलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांना अतिसंकटग्रस्त यादीतून संकटग्रस्त यादीत आणलं. एक पायरी वर, इतकंच.

चाळिसाव्या मिनिटाला माझा घसा खवखवला. साधा चढ चढल्याचा कोरडेपणा असेल, पण मला दरदरून घाम फुटला. मी पाठ फिरवली, कोपर तोंडाशी धरलं आणि मागं मागं गेलो, रक्षकाच्याही मागं. पाच-सात मिनिटं तिथंच उभा राहिलो. एक तासातली माझी पाच-सात मिनिटं मी झाडाच्या बुंध्याकडं बघत काढली. परत आलो तेव्हा नर उठून चार पायांवर, मुठी टेकत, निघाला होता. पाठोपाठ सगळे. गाइडनं घड्याळ दाखवलं.

लॉजवर पोचेस्तोवर चार वाजले. ही व्हरांड्यात शाल पांघरून, मास्क लावून बसली होती. स्वयंपाकाच्या बाईंशी तिची लांबूनच ओळख झाली होती, त्यांना ती कागदात बांधून तिळगूळ देऊन बसली होती. मी फोटो दाखवायला गेलो, तर म्हणाली, "थांबा. आधी तोंडानं सांगा." अंधार पडेपर्यंत सांगितलं. खोकल्याचंही सांगितलं. ती फक्त म्हणाली, "बरं केलंत."

१९ ला परतलो. ३० जानेवारीला युगांडाच्या राजधानीत, कंपालात, इबोलाची साथ जाहीर झाली आणि ओळखीच्या प्रत्येकाचा फोन आला. आम्ही २१ दिवस रोज ताप मोजला, वहीत लिहिला. काही निघालं नाही. सगळा हिशेब दोघांचा मिळून ३ लाख ८० हजारांच्या आसपास गेला: परमिटं १ लाख ३६ हजार, विमान ९२ हजार, गाडी-मुक्काम-जेवण सव्वा लाखाच्या वर, बाकी किरकोळ. हिच्या परमिटचा अर्ज केलाय, उत्तराची वाट बघतोय.

परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं. हिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि विचारलं, "त्या पिवळ्या कार्डाला मुदत नसते म्हणालात ना?"

नसते. आणि पासपोर्ट २०३४ पर्यंत आहे.